दगड राखला, माप पुसलं

मेलबर्नच्या कोबर्ग उपनगरातला पेंट्रिज तुरुंग १९९७ साली बंद झाला. आता तिथे सदनिका, दुकानं, चित्रपटगृह आणि हॉटेल आहे. काळ्या-निळ्या दगडाच्या भिंती वाचल्या, माणसं राहायला आली, हे मला चांगलंच वाटतं. माझा आक्षेप वेगळा आहे.

इथे शिक्षेचं साधन दगड नव्हता, जागेचं माप होतं. एकोणिसाव्या शतकात कैद्याला एकांत कोठडी असे आणि पाय मोकळे करायलाही पाचरीच्या आकाराचं, एकट्याचं अंगण. २०१४च्या उत्खननात त्या अंगणांचे पाये सापडले. ऑस्ट्रेलियातली शेवटची फाशीही इथलीच. १९६७ची, रोनाल्ड रायनची.

बी डिव्हिजनमधल्या हॉटेलात मात्र शेजारशेजारच्या कोठड्या जोडून ऐसपैस खोल्या केल्या आहेत. पाहुण्याला दगड दिसतो, कोंडी कळत नाही. मूळ कोठड्या मार्गदर्शित फेरीत पाहता येतात, पण ती तिकीट काढून केलेली सहल झाली. इतिहास पर्यटकाकडे आणि घर रहिवाशाकडे, अशी ही वाटणी मला खटकते. रहिवाशांच्या रोजच्या वाटेवर एक तरी कोठडी मूळ मापात, विनातिकीट उघडी हवी. मुलांनी खेळता खेळता आत शिरावं, हात पसरावेत आणि भिंत कुठे लागते ते पाहावं.