शुल्क आणि निर्वाह : इंग्लंडमधील एका वादाची चिकित्सा

इंग्लंडमधील विद्यापीठीय शुल्काच्या वादात एक गोष्ट प्रथमच खटकते. शुल्क असावे की नसावे यावर उभयपक्षी आवेशाने लिहिले जाते. परंतु शिकत असता विद्यार्थ्याने जगावे कशावर, या प्रश्नाला तळटीपेएवढीच जागा मिळते.

मुळात असे नव्हते. १९६२ च्या कायद्याने स्थानिक शिक्षण प्राधिकरणांवर शुल्क व निर्वाह-अनुदान अशी दुहेरी जबाबदारी टाकली होती. पुढल्याच वर्षीच्या रॉबिन्स अहवालाने कर्जाच्या योजनेचा विचार करून ती तूर्त बाजूस ठेवली. कर्ज घेऊन येणारी पदवीधर वधू म्हणजे उलटा हुंडाच, असा एक युक्तिवाद त्यात आहे. आज तो विक्षिप्त वाटेल. आपल्याकडील वाचकास मात्र तो समजावून सांगावा लागणार नाही! कर्जाची छाया घरातील निर्णयांवर पडते, ही त्यामागची जाण पुढील वादात क्वचितच आढळते.

१९९८ च्या कायद्याने शुल्क आले. २०१० च्या निवडणुकीत लिबरल डेमोक्रॅट उमेदवारांनी शुल्कवाढीस विरोध करण्याची लेखी प्रतिज्ञा केली. त्याच वर्षी ९ डिसेंबरला, त्यांचा पक्ष सत्तेत सहभागी असताना, ३२३ विरुद्ध ३०२ मतांनी शुल्काची मर्यादा नऊ हजार पौंडांवर गेली. या वचनभंगाचा गवगवा अद्याप शमलेला नाही. उलट २०१६ साली नव्या विद्यार्थ्यांची निर्वाह-अनुदाने जाऊन त्यांच्या जागी कर्ज आले, त्याची आठवण किती जणांस आहे?

वस्तुतः मर्म येथेच आहे. शुल्काचे कर्ज पदवीनंतर, उत्पन्न ठराविक मर्यादेपलीकडे गेल्यावरच, वरच्या रकमेच्या नऊ टक्के दराने फेडावयाचे असते. मुदतीअखेर उरलेले माफ होते. म्हणजे शुल्क रद्द झाल्याचा मोठा लाभ भरघोस कमावणाऱ्या पदवीधरास. निर्वाहाचे कर्ज मात्र पालकांचे उत्पन्न जितके कमी तितके अधिक मिळते. परिणामी सर्वांत गरीब घरचा विद्यार्थी सर्वांत मोठे ऋण घेऊन बाहेर पडतो.

मजूर पक्षाच्या २०१७ च्या जाहीरनाम्यात शुल्कनिर्मूलन व अनुदानांचे पुनरुज्जीवन ही दोन्ही वचने होती. समर्थक आणि टीकाकार दोघेही पहिल्याभोवतीच घुटमळले. शुल्कनिर्मूलनाचे तत्त्व प्रस्तुत लेखकास मान्य आहे. त्याला दिलेला अग्रक्रम मान्य नाही. २०२३ साली त्या पक्षाच्या नेत्यांनी शुल्काचे वचन मागे घेतले. २०२५ साली त्यांच्याच शासनाने अनुदाने परत आणण्याची घोषणा केली, तीही निवडक अभ्यासक्रमांपुरती.