आधीं आरोप, मग जन्म

गुन्हा आधीं घडतो आणि त्यावरून मनुष्य गुन्हेगार ठरतो, हा क्रम आपण सुशिक्षित लोक गृहीत धरून चालतों. कायदा व समाज मिळून हा क्रम उलटा करूं शकतात. तसें झालें म्हणजे एखाद्या मुलाचें बालपण कसें जातें, हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें श्री. लक्ष्मण गायकवाड यांचें 'उचल्या' हें आत्मकथन वाचावें. १९८७ सालीं तें प्रसिद्ध झालें व १९८८ सालीं त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ग्रंथाचें नांवच विचार करावयास लावणारें आहे : 'उचल्या' हें जमातीचें नांव, आणि तोच तिच्यावरील आरोप.

या नांवामागें कायद्याचा इतिहास आहे. इंग्रज सरकारनें १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढें १९११ व १९२४ सालीं तो अधिक व्यापक झाला. एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर झाली कीं, तिच्यांतील माणसांचीं नांवें सरकारी पटावर चढत. हजेरी आणि परवाना त्यांच्या पाठीस लागत. चोरी सिद्ध होण्याची वाट पाहण्याचें कारण उरत नसे. जन्म हाच पुरावा होई. १९५२ सालीं हा कायदा रद्द झाला व या जमाती 'विमुक्त' म्हणविल्या गेल्या. परंतु पोलिसांच्या व गांवकऱ्यांच्या मनांतला पट कोणीं रद्द केला नाहीं. गायकवाडांच्या घरावर पडणाऱ्या धाडी वाचतांना याची खूण पटते.

असें असतांही लेखकानें आपल्या माणसांची वकिली केलेली नाहीं, हा ग्रंथाचा मोठा गुण होय. खिसे कापणें, बाजारांत माल उचलणें, हें घरांत चालतें आणि तो तें सांगतो. पोलिसांच्या मारापुढें तोंड उघडूं नये म्हणून मुलांस आधीं आपल्याच माणसांनीं मारून तयार करावयाचें, ही रीतही तो जशीच्या तशी मांडतो. वाचतांना अंगावर कांटा येतो. पण त्या वस्तींत हेंच पोटापाण्याचें शिक्षण आहे, हेंही ध्यानांत येतें.

ग्रंथाचा गाभा आम्हांस शाळेच्या प्रकरणांत दिसतो. लक्ष्मण शाळेंत जाऊं लागतो. पुढें वस्तींतलीं मुलें आजारी पडतात, आणि त्याचें खापर त्याच्या शाळेवर फुटतें. जेथें चोरी हा धंदा, तेथें पाटी-दप्तर हाच अपराध! रूढ वाट सोडील तो दोषी, हा न्याय दोन्हींकडे एकच आहे. मात्र एका बाजूच्या हातीं पोलीस, तुरुंग व छापील कायदा आहेत. दुसरीच्या हातीं केवळ भीति.

उत्तरार्ध इतका साधलेला नाहीं. सूतगिरणींतील नोकरी, कामगारांचे लढे, जमातीची संघटना ही हकीकत महत्त्वाची खरी. परंतु ती पुष्कळदां वृत्तांतासारखी होते. पूर्वार्धांत प्रसंग स्वतःच बोलतात. येथें त्यांच्या वतीनें लेखकास बोलावें लागतें.

हा ग्रंथ वाचून हळहळणें सोपें आहे. त्याहून अवघड गोष्ट ही कीं, आपल्या आळींत चोरी झाली असतां आपला संशय कोणत्या वस्तीकडे व कोणत्या पुराव्यावरून वळतो, हें प्रत्येकानें मनाशीं तपासून पाहावें. ही तपासणी हें पुस्तक टाळूं देत नाहीं; म्हणूनच तें घरोघर वाचलें जावें, अशी आमची शिफारस आहे.