वीर्यद्रवातील प्रथिने आणि वळूची प्रजननक्षमता : एक चिकित्सा

प्रस्तावना : मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळी कांचन येथे 'बाएफ' संस्थेची स्थापना केली आणि पुणे जिल्ह्यातून गोठित रेतमात्रा गोठ्यापर्यंत पोहोचू लागली. खडकवासला परिसरातील दुग्धव्यावसायिकासही आज कृत्रिम रेतन नवे नाही. गाय उलटली की पुढच्या माजापर्यंत सुमारे २१ दिवस जातात. तेवढ्या काळाचा चारा वाया जातो व वेत लांबते. म्हणून वळूची पारख हा केवळ प्रयोगशाळेचा प्रश्न राहत नाही.

प्रचलित निकष : भारतातील प्रमाणित पद्धतीनुसार एका रेतमात्रेत २ कोटी शुक्रजंतू व वितळविल्यानंतर किमान ५० टक्के गतिशीलता अपेक्षित असते. हा निकष आवश्यक आहे, परंतु पुरेसा नाही. तो पूर्ण करणाऱ्या दोन वळूंच्या गर्भधारणेच्या प्रमाणात तफावत आढळते. तिचे उत्तर शुक्रजंतूंभोवतीच्या वीर्यद्रवातील प्रथिनांत शोधले जाते. किलियन व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये ३५ होल्स्टिन वळूंच्या अभ्यासात अधिक प्रजननक्षम वळूंत दोन व कमी प्रजननक्षम वळूंत अन्य दोन प्रथिने प्रकर्षाने आढळल्याचे नोंदविले. तेव्हापासून 'प्रजननक्षमतेची खूण' ही कल्पना रूढ झाली.

चिकित्सा : या कल्पनेतील पहिली उणीव अशी, की साहचर्य म्हणजे कारण नव्हे. अधिवृषणातून थेट घेतलेले, वीर्यद्रवाचा पुरेसा स्पर्श न झालेले शुक्रजंतूही कृत्रिम रेतनाने गर्भधारणा घडवू शकतात. म्हणजे ही प्रथिने साहाय्यक आहेत, अनिवार्य नाहीत.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. 'जितके प्रथिन अधिक, तितकी क्षमता अधिक' हे गृहीतक टिकत नाही. वळूच्या वीर्यद्रवात मोठा वाटा असणारी बीएसपी कुळातील प्रथिने शुक्रजंतूच्या आवरणास चिकटतात, त्यातील कोलेस्टेरॉल काढून घेतात आणि फलनाची पूर्वतयारी घडवितात. मादीच्या शरीरात हे उपकारक ठरते. साठवणीत मात्र तीच क्रिया चालू राहिल्यास आवरण दुबळे होते. विरलकातील अंड्याचा बलक शुक्रजंतूंचे रक्षण का करतो, याचा उलगडा मॉन्ट्रियल येथील मंजुनाथ यांच्या गटाने केला : बलकातील मेदप्रथिने बीएसपीला बांधून ठेवतात. बोकडाच्या बाबतीत तोच बलक घातक ठरू शकतो. काउपर ग्रंथीतील विकर बलकाचे विघटन करून शुक्रजंतूंना मारक द्रव्य निर्माण करते. हे विकर रॉय यांनी १९५७ मध्येच दाखविले होते. एका प्राण्याचा निष्कर्ष दुसऱ्यास लावता येत नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण नाही.

तिसरी बाब स्थानिक आहे. होल्स्टिन वळूंवर बेतलेली खूण खिलार वळूला किंवा पंढरपुरी रेड्याला जशीच्या तशी लावणे अशास्त्रीय होय.

निष्कर्ष : वीर्यद्रवातील प्रथिनांचे महत्त्व निर्विवाद आहे, त्यावर उभारलेले भाकीत मात्र तपासणीस पात्र आहे. ती तपासणी केवळ प्रयोगशाळेत पूर्ण होणार नाही. कोणत्या वळूच्या किती रेतमात्रांतून किती गायी-म्हशी गाभण राहिल्या, याच्या जातवार व प्रामाणिक नोंदी गोठ्यातून आल्या आणि त्या प्रथिनांच्या विश्लेषणाशी ताडून पाहिल्या, तरच ही खूण पशुपालकाच्या उपयोगी पडेल. तोपर्यंत तिच्या आधारे वळू बाद करणे घाईचे ठरेल.