अकरा मिनिटांची फेरी आणि आपलं हसू

१४ एप्रिल २०२५. संध्याकाळचे सात वाजले होते. बाहेर आंबेडकर जयंतीची मिरवणूक चालली होती, त्यामुळे मोबाइलवरचं रॉकेट मी जवळजवळ मुक्यानेच सुटताना पाहिलं. पश्चिम टेक्सासमध्ये तेव्हा सकाळ होती. जेफ बेझोसच्या ब्लू ओरिजिन कंपनीचं ‘न्यू शेपर्ड’ सहा बायकांना घेऊन वर गेलं, शंभर किलोमीटरची कारमान रेषा ओलांडून खाली आलं. सगळं मिळून दहा-अकरा मिनिटं. पॉप गायिका केटी पेरी कॅप्सूलमधून उतरली, हातातलं डेझीचं फूल तिने आकाशाकडे धरलं आणि गुडघे टेकून जमिनीचा मुका घेतला.

थोड्याच वेळात मीम्स सुरू झाले. मी हसले, आणि एक मीम घरच्या ग्रुपवर टाकलं. माझी मावसबहीण बारावी सायन्सला आहे. तिचा रिप्लाय आला, “ताई, त्यात एक नासातली इंजिनिअर पण होती ना? ती कोण गं?”

मला माहीत नव्हतं. सहाजणींपैकी तिघींचीच नावं मला येत होती. पेरी, टीव्ही पत्रकार गेल किंग आणि बेझोसची होणारी बायको लॉरेन सांचेझ. म्हणजे ज्यांच्यावर मीम्स होते त्या तिघी. ज्या घटनेवर आपण इतक्या आत्मविश्वासाने हसतो आहोत, तिच्याबद्दलची आपली निम्मी माहिती मीममधूनच आलेली आहे, हे तेव्हा लक्षात आलं. त्या हसण्याचं मला आता परीक्षण करायचं आहे. ते चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. त्यात तीन-चार वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली होती, असं माझं म्हणणं आहे.

आधी ज्यावर हसलो तो प्रयोग पाहू. तो प्रयोगच होता, नाटकाच्या अर्थाने. उड्डाणाआधी ‘एल’ मासिकात सहाजणींचे फोटो आणि मुलाखती आल्या. अंगाला नीट बसणारे निळे सूट मॉन्से या फॅशन ब्रँडच्या डिझायनरांनी केलेले. अवकाशात मेकअप, केस आणि खोट्या पापण्या कशा टिकतील यावर चर्चा. वर गेल्यावर पेरीने आपल्या येऊ घातलेल्या टूरच्या गाण्यांची यादी कॅमेऱ्यासमोर धरली. आणि या सगळ्यावर एक मोठं वाक्य चिकटवलेलं होतं: १९६३मध्ये व्हॅलेंतिना तेरेश्कोवा गेली, त्यानंतरचा हा पहिला फक्त स्त्रियांचा चमू.

वाक्य खोटं नाही, पण त्याने केलेली चलाखी पाहा. तेरेश्कोवा तेव्हा २६ वर्षांची होती, कापड गिरणीत काम केलेली आणि पॅराशूटमधून उड्या मारणारी. ती एकटी गेली. जवळजवळ तीन दिवसांत तिने पृथ्वीभोवती ४८ फेऱ्या मारल्या. तिला ‘स्त्रियांचा चमू’ म्हणायचं आणि तिच्या रांगेत या सहाजणींना उभं करायचं, हे जाहिरातीचं गणित झालं. न्यू शेपर्ड पूर्ण स्वयंचलित आहे. त्यात पायलट नसतो. चमू हा शब्द तिथे सौजन्याने वापरतात. खरा शब्द प्रवासी.

भौतिकशास्त्रही थोडं लक्षात घेऊ. पृथ्वीभोवती फिरत राहायचं तर तासाला सुमारे २८ हजार किलोमीटरचा वेग लागतो. न्यू शेपर्डचा वेग चार हजारांच्याही आत असतो. ते वर फेकलेल्या चेंडूसारखं जातं आणि पडतं. शंभर किलोमीटरवर गुरुत्वाकर्षण संपत नाही, जमिनीवरच्या सुमारे ९७ टक्के असतंच. पडणाऱ्या डब्यात तुम्हीही पडत असता, म्हणून तीनेक मिनिटं तरंगायला मिळतं.

तर इतकी छोटी गोष्ट इतक्या मोठ्या शब्दांत विकली, म्हणून लोक हसले. हे हसू चोख होतं. अमेरिकेत स्त्रियांना अवकाशात जाण्यासाठी काय सोसावं लागलं हे आठवलं की ते आणखी पटतं. १९८३मध्ये सॅली राइड अमेरिकेची पहिली अंतराळवीर स्त्री झाली. त्याआधी पत्रकारांनी तिला विचारलं होतं, काम बिघडलं तर तुम्ही रडता का? नासाच्या इंजिनिअरांनी तिच्यासाठी मेकअपचा खास संच तयार केला होता. आठवडाभराच्या मोहिमेला शंभर टॅम्पॉन पुरतील का, असंही विचारलं होतं. मार्च २०१९मध्ये दोन स्त्रियांचा पहिला स्पेसवॉक पुढे ढकलावा लागला, कारण मध्यम मापाचे दोन सूट तयार नव्हते. तो शेवटी ऑक्टोबरमध्ये क्रिस्टिना कॉक आणि जेसिका मेअर यांनी केला. राइडने जो मेकअपचा प्रश्न झटकून टाकला, तोच चाळीस वर्षांनी जाहिरातीची हेडलाइन म्हणून परत आला. जिथे मापाचा सूट मिळणं हा खरा प्रश्न होता, तिथे सूट फॅशनचा विषय झाला. यावर टीका व्हायलाच हवी होती.

पण टीका तिथे थांबली नाही.

एक आक्षेप पैशांचा होता. माणसांकडे अंडी घ्यायला पैसे नाहीत आणि तुम्ही आभाळात फेऱ्या मारता, अशा अर्थाचं काही कलाकारही बोलले. मॉडेल एमिली रॅटाजकौस्कीने वसुंधरेच्या प्रेमाची भाषा आणि ही कंपनी यांतली विसंगती दाखवली. हे आक्षेप जुने आणि रास्त आहेत. २०२१मध्ये बेझोस स्वतः गेला, तेव्हा त्याने परत येऊच नये अशी मागणी करणाऱ्या अर्जावर लाखाहून जास्त लोकांनी सह्या केल्या होत्या. उतरल्यावर त्याने अॅमेझॉनच्या कामगारांचे आणि ग्राहकांचे आभार मानले: हे सगळं तुम्हीच भरलेल्या पैशांतून झालं. तेव्हाचा राग कुणावर होता याबद्दल शंका नव्हती. तो मालकावर होता.

दुसरा आक्षेप, हे काही खरं अंतराळवीरपण नव्हे. हाही बरोबर. अमेरिकेच्या वाहतूक मंत्र्यांनीसुद्धा या सहाजणी अधिकृत निकषांत बसत नाहीत हे जाहीर करण्याची तत्परता दाखवली. गेल किंगने उलट विचारलं की अॅलन शेपर्डच्या उड्डाणाला कुणी ‘राइड’ म्हणालं होतं का? रॉकेटचं नाव ज्याच्यावरून ठेवलं तो शेपर्ड ५ मे १९६१ला पंधरा मिनिटांसाठीच वर गेला होता. युक्तिवाद चलाख आहे, पण लंगडा. शेपर्डच्या आधी त्या यानातून हॅम नावाचा चिंपांझी तेवढा जाऊन आला होता. किंगच्या आधी न्यू शेपर्डमधून माणसांच्या दहा खेपा झाल्या होत्या. मिनिटं सारखी असली तरी अनिश्चितता सारखी नव्हती.

इथवर हसणाऱ्यांची बाजू भक्कम आहे. आता मला अडवणाऱ्या दोन गोष्टी.

पहिली म्हणजे विल्यम शॅटनर. ‘स्टार ट्रेक’मधला कॅप्टन कर्क. १३ ऑक्टोबर २०२१ला, नव्वदाव्या वर्षी, तो याच रॉकेटमधून, जवळजवळ तेवढ्याच मिनिटांसाठी गेला. उतरल्यावर तो रडला. निळ्या हवेचा पातळ पापुद्रा आणि पलीकडचा काळा मृत्यू यांबद्दल बोलत राहिला. त्याचं बोलणं चालू असताना बेझोसने वळून शॅम्पेनची बाटली घेतली आणि उडवली. जगाने शॅटनरचं बोलणं गंभीरपणे ऐकलं. तीच कंपनी, तोच मालक, तेच यान. मग एका नटाचे अश्रू अनुभव कसे ठरले आणि एका गायिकेचं जमिनीला ओठ टेकवणं नाटक कसं ठरलं? आपल्याला दुःख खोल वाटतं आणि आनंद उथळ वाटतो, हे एक उत्तर. दुःख म्हाताऱ्या पुरुषाचं आणि आनंद मेकअप केलेल्या बाईचा होता, हे दुसरं. त्या आठवड्यात मी स्वतः वाचलेल्या कॉमेंट्समध्ये तिकिटाच्या किमतीपेक्षा पेरीच्या गाण्यावर, चेहऱ्यावर आणि रडण्यावर जास्त शब्द खर्च झाले होते.

दुसरी गोष्ट घराजवळची आहे. मे २०२४मध्ये याच यानातून विजयवाड्यात जन्मलेले गोपी थोटाकुरा गेले. आपल्याकडच्या बातम्यांनी ‘पहिला भारतीय अवकाश पर्यटक’ म्हणून त्यांचं कौतुक केलं. त्यांनी वर काय संशोधन केलं हे मी तरी विचारलं नाही. त्याच खेपेला एड ड्वाइट होते. १९६१मध्ये अंतराळवीर होण्यासाठी प्रशिक्षणाला निवडलेले पहिले कृष्णवर्णीय वैमानिक, ज्यांना नासाने पुढे घेतलं नाही. ते शिल्पकार झाले आणि नव्वदाव्या वर्षी पर्यटकांच्या यानातून वर गेले. त्यांच्यासाठी ती दहा मिनिटं साठ वर्षांचा हिशेब होती. यान तेच, पण माणूस बदलला की फेरीचा अर्थ बदलतो, हे तेव्हा आपल्याला सहज कळलं होतं.

यावर प्रामाणिक उत्तर आहे. ड्वाइट किंवा थोटाकुरा यांनी आपली फेरी म्हणजे कुणाची मुक्ती असा दावा केला नव्हता. या उड्डाणाने तो केला, म्हणून कसोटीही कडक लागली. मान्य. पण मग तपासायचा तो दावा.

त्यासाठी एक शब्द आपल्याकडे आहे: सरपंचपती. पाटीवर नाव तिचं, खुर्ची तिची, सही तिची, निर्णय त्याचा. न्यू शेपर्डमधल्या सहा खुर्च्यांकडे पाहताना मला तोच शब्द आठवला. यान त्याचं, कॅमेरे त्याचे, पाहुण्यांची यादी त्याच्या घरातली, उतरल्यावर दार उघडायला धावत आलेलाही तोच. धावताना तो खड्ड्यात पाय अडकून पडला, त्यावरही आपण हसलो. पण सरपंचपती ही विकृती आहे म्हणून आपण (निदान विचार करणारे तरी) राखीव जागा रद्द करा म्हणत नाही, खुर्चीतल्या बाईची टिंगलही करत नाही. आपण विचारतो की अधिकार नेमका कुणाकडे आहे? याच खुर्च्यांवरून अनेक जणी पुढे खऱ्याखुऱ्या सरपंच झाल्या, हेही आपण पाहिलेलं आहे.

तो प्रश्न एप्रिल २०२५मध्ये विचारला असता तर काय दिसलं असतं? २० जानेवारीला ट्रम्प यांच्या शपथविधीला बेझोस पहिल्या रांगांमध्ये होता. मार्चमध्ये नासाने आपल्या वेबसाइटवरून आर्टेमिस मोहिमेचं एक वचन काढून टाकलं. चंद्रावर पहिली स्त्री आणि गोरी नसलेली पहिली व्यक्ती उतरवू, असं ते वचन होतं. याच आर्टेमिससाठी चंद्रावर उतरणारं एक यान बनवण्याचं सुमारे ३.४ अब्ज डॉलरचं कंत्राट २०२३मध्ये ब्लू ओरिजिनला मिळालेलं आहे. म्हणजे चंद्रावर जाणाऱ्या स्त्रीचा उल्लेख पुसला गेला, त्यानंतर महिन्याभरात त्या कामाच्या कंत्राटदाराने सहा बायकांना अकरा मिनिटं वर नेऊन आणलं आणि त्याला इतिहास म्हटलं.

विनोद तर इथे होता. टोकदार, खरा विनोद. पण माझ्या फीडवर आलेल्या एकाही मीममध्ये तो नव्हता. मीमला चेहरा लागतो. पुसलेल्या वाक्याला चेहरा नसतो, कंत्राटाला नसतो. केटी पेरीला होता.

आणि तो चेहरा एकटा नव्हता. अमांडा न्विनला अंतराळवीर व्हायचं होतं. विद्यार्थिदशेत तिच्यावर बलात्कार झाला. पुरावे मुदतीनंतर नष्ट करण्याच्या नियमाशी ती झगडली आणि तिच्या प्रयत्नांतून २०१६मध्ये अमेरिकेत पीडितांच्या हक्कांचा कायदा झाला. त्यात अवकाशाचं स्वप्न मागे पडलं. या फेरीत ती व्हिएतनामी कमळाच्या बिया घेऊन गेली. व्हिएतनामी वंशाची अवकाशात गेलेली ती पहिली स्त्री. नंतर तिने जाहीरपणे सांगितलं की टिंगलीच्या त्या लाटेने तिला नैराश्यात ढकललं. तिच्यावर कुणी खास मीम केलं असेल-नसेल. ती फोटोच्या कडेला होती, एवढं पुरलं.

म्हणून हसायचंच नाही का? हसायचं. श्रीमंतांच्या हौसेला इतिहास म्हणायला नकार देणं हे टीकेचं कामच आहे. पण तक्रार दाव्याबद्दल असेल तर दाव्यावर बोलायचं, पैशाबद्दल असेल तर मालकावर. बाईने आनंदाने गुडघे टेकले हा गुन्हा दोन्हींत बसत नाही. मी त्या दिवशी फॉरवर्ड केलेलं मीम नेमकं त्या गुडघ्यांवर होतं.

बहिणीला उत्तर द्यायचं राहिलं होतं, ते नंतर दिलं. तिचं नाव आयशा बो. शाळेतल्या समुपदेशकाने तिला ब्युटी पार्लरच्या लायनीला जा असं सुचवलं होतं. ती साध्या कम्युनिटी कॉलेजात प्राथमिक बीजगणितापासून पुन्हा शिकली, एरोस्पेस इंजिनिअर झाली, नासात गेली. वर जाणाऱ्या सहाजणींत तीही होती.

बहिणीने अंगठा पाठवला आणि खाली विचारलं, “बीजगणितापासून म्हणजे किती वर्षं लागली गं तिला?”