मेंदूतील अर्बुद, बालकांची निद्रा व बोधनक्षमता : एक चिकित्सा

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात मेंदूतील अर्बुदाच्या २०० बालक व तरुण रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. नेमक्या लक्ष्यावरील किरणोपचाराने बुद्ध्यंक अधिक टिकतो, हे तिने दाखविले, यश मोठेच. परंतु तिचे मुख्य मापदंड बोधनक्षमता व अंतःस्रावी कार्य हे होते, निद्रा नव्हे. हायपोथॅलॅमसलगतच्या अर्बुदात दिवसाही झोप अनावर होऊ शकते आणि पेंगणाऱ्या बालकाचे अवधान कमीच मोजले जाते. यादृच्छिक विभाजनामुळे दोन गटांच्या तुलनेस बाध येत नाही, हे खरे. मात्र एकेका बालकाचा बुद्ध्यंक किरणांमुळे घटला की झोपेमुळे, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. उपचारानंतर अकोला-अमरावतीच्या शाळेत परतलेले असे मूल आळशी ठरण्याचा संभव असतो. बुद्धिमापनापूर्वी पालकांकडून आठवडाभराच्या झोपेची नोंद घेण्यास वही-पेन पुरे.