'बलुतं'मधील कावाखाना : स्थलनाम आणि स्मृती

दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ साली प्रसिद्ध झाले. या आत्मकथनावर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु त्यातील मुंबईच्या चित्रणाकडे बहुधा दारिद्र्याचा दस्तऐवज म्हणूनच पाहिले जाते. ही दृष्टी चुकीची नसली तरी अपुरी आहे. नाहीशा झालेल्या वस्तीचे स्मरण भाषेत कसे घडते, हा प्रश्न तीत बाजूला पडतो. प्रस्तुत टिपणाचा विषय तोच आहे.

निवेदकाचे बालपण अकोले तालुक्यातील धामणगाव आणि मुंबईतील कावाखाना यांत विभागलेले आहे. या विभागणीस भूगोलाचा आधार आहे. प्रवरा नदी अकोले, संगमनेर, कोल्हार या वाटेने जाऊन प्रवरासंगम येथे गोदावरीस मिळते. १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाचे पाणी कालव्यांनी खालच्या खोऱ्यात गेले. कोल्हार-लोणीच्या बाजूस ऊस पिकू लागला आणि १९५०च्या सुमारास लोणीस सहकारी साखर कारखाना उभा राहिला. धरण ज्या अकोले तालुक्यात, तेथील भूमिहीन महार कुटुंबांना मात्र मुंबईची वाट धरावी लागली. पाणी एका दिशेने गेले आणि माणसे दुसऱ्या, असे या खोऱ्याविषयी म्हणता येईल.

'कावाखाना' हे नावच विचार करण्याजोगे आहे. अरबी 'कहवा' म्हणजे कॉफी. त्यास फारसी 'खाना' जोडून हा सामासिक शब्द सिद्ध झाला. म्हणजे मुळात ते पेयगृहाचे नाव. पेयगृह गेले, नाव वस्तीला चिकटले, पुढे वस्तीही गेली. मराठी कानास 'कावा' म्हटले की गनिमी कावा आठवतो. कॉफीचा अर्थ लोपला आहे. आसपासची नावेही अशीच बोलकी आहेत. 'फोरास रोड'मधील 'फोरास' हा पोर्तुगीज अमदानीतील जमीनधाऱ्याशी संबंधित शब्द. 'कामाठीपुरा' तेलंगणातून आलेल्या कामाठी मजुरांचा. 'गोलपिठा' ऐकताच 'दारूचा पिठा' हा शब्दप्रयोग मनात येतो. 'गुत्ता' म्हणजे मूळचा मक्ता; मराठवाड्यात 'गुत्तेदार' आजही कंत्राटदारच आहे. मद्यविक्रीच्या मक्त्यावरून तो शब्द मद्य पिण्याच्या जागेला लागला. १९४९च्या दारूबंदी कायद्यानंतर उघडी दुकाने बंद झाली, तरी गुत्ता चोरट्या रूपाने राहिला आणि शब्दही राहिला. राज्यसत्ता, धारापद्धती, स्थलांतर आणि व्यसन यांचा इतिहास एवढ्या चार-पाच नावांत साठलेला आहे.

या परिसराची मोडतोड नवी नाही. १८९६च्या प्लेगनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई सुधार मंडळाने दाट वस्त्या पाडून रस्ते व चाळी बांधण्याचे काम हाती घेतले. नागपाड्याची योजना त्याच्या आरंभीच्या योजनांपैकी होती. 'बलुतं'चा निवेदक कावाखान्याविषयी सांगतो तेव्हा तेथे उंच इमारत उभी राहिलेली आहे. ज्यास जुनी खोली शोधावयाची, त्यास हाती केवळ नाव उरते.

येथे 'बटाट्याची चाळ' (१९५८) या पु. ल. देशपांडे यांच्या ग्रंथाशी तुलना उद्बोधक ठरते. चाळ जाणार याची हुरहूर तेथे शेवटी गंभीर चिंतनाचे रूप घेते. ती हुरहूर खरी आहे. परंतु तिला एक पूर्वअट आहे. ज्या जागेने माणसास प्रतिष्ठेने सामावून घेतले, तिच्याविषयीच असा निःशंक गहिवर संभवतो. कावाखान्यात एका खोलीत आडपडदे लावून अनेक कुटुंबे राहत. बाया कागद, चिंध्या, काचा वेचीत. वडील गोदीत राबत आणि दारूत बुडत. अशा जागेविषयी गहिवर व्यक्त करणे म्हणजे त्या हालांवर मुलामा चढविणे होय. उलट तिचे जाणे ही केवळ प्रगती मानावी, तर तेथे जगलेली माणसे पुसली जातात.

या पेचातून 'बलुतं' वाट काढते ते आपल्या निवेदनरचनेने. दगडू मारुती पवार बोलतो आणि दया पवार ऐकतो. एक वस्तीतला, दुसरा वस्तीबाहेर आलेला. व्यक्ती मात्र एकच. त्यामुळे स्मरणाला सतत साक्षीदार लाभतो आणि गहिवराची उलटतपासणी होते. ज्याने वस्ती सोडली त्यास तिच्याविषयी हळवे होण्याचा अधिकार किती, हा प्रश्न रचनेतूनच उभा राहतो. नामदेव ढसाळ यांच्या 'गोलपिठा'त (१९७२) त्याच परिसराचे शब्द स्पष्टीकरणाविना वाचकावर आदळतात. अपरिचित वाचकाने अडखळावे, हा त्या काव्याचा एक परिणामच आहे. 'बलुतं' उलट वाचकाचा हात धरून गल्लीगल्लीतून नेते. पहिल्यात शब्द हे शस्त्र आहे, दुसऱ्यात ते साक्ष आहे.

'बलुतं' हे शीर्षकही या संदर्भात पाहावे. बलुते हा गावगाड्यातील ठरीव, जन्माने बांधलेला वाटा. शहरात तो वाटा नव्हता. त्याबरोबर येणारे बंधनही काहीसे सैल होते. ज्या समाजास १९२७ साली महाडच्या तळ्यावर पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्याच्या दृष्टीने पेयगृहाच्या नावाची वस्ती हा साधा योगायोग राहत नाही. गावातील वेगळ्या कपाची आठवण ज्याच्यापाशी आहे, त्याला शहरातील कळकट गल्लीतही मोकळीक जाणवू शकते. कावाखान्याच्या स्मरणात हाल आणि मोकळीक एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत. या कृतीचे वाङ्मयीन सत्य त्यांच्या या गुंत्यातच आहे.

आज कामाठीपुऱ्याच्या समूह पुनर्विकासाची योजना पुढे आलेली आहे. राहणाऱ्यांना धड घर मिळणे न्याय्यच आहे, आणि जुन्या भिंतींच्या मोहापायी त्यास विरोध करणे हे 'बलुतं'च्या वाचकास शोभणारे नाही. परंतु भिंतींबरोबर नावे जातात, आणि नावांबरोबर ती उच्चारणाऱ्यांचे जगणे अर्थहीन होते. भाषाभ्यासकांचे कार्य येथे सुरू होते. वस्तीतील स्थलनामे, धंद्यांचे शब्द, गुत्त्यांची व खाणावळींची बोलीतील नावे ज्येष्ठ रहिवाशांकडून टिपून घेणे, हे साहित्यसमीक्षेचेही पूर्वकार्य आहे. दगडू पवाराने एका वस्तीचे शब्द जपले. इतर वस्त्यांना असा निवेदक लाभलेला नाही.