खोक्यावर लिहिलंय, पण कुणासाठी?

समीक्षा म्हटलं की कविता, नाटक, कादंबरी आठवते. आज आम्ही एका पुठ्ठ्याच्या खोक्याची समीक्षा करणार आहोत. मानवतला जा नाहीतर जिंतूरला, कृषी सेवा केंद्रात कीटकनाशकाची लहान बाटली किंवा पुडी ज्या खोक्यातून मिळते, ते हे खोकं. त्यावर मजकूर असतो, चित्र असतं, वाचक गृहीत धरलेला असतो. म्हणजे समीक्षेला लागतं ते सगळं आहे.

आधी वस्तू समजून घेऊ. घडीचं खोकं म्हणजे एकच सपाट पुठ्ठा. डायच्या धारदार पट्ट्या तो कापतात, बोथट पट्ट्या घडीच्या रेघा दाबतात. मग एक कड चिकटवली की खोकं तयार. ते सपाटच प्रवास करतं आणि माल भरताना उभं राहतं. कापणं आणि घडी दाबणं एकाच दाबात करण्याची युक्ती 1879 च्या सुमारास ब्रुकलिनच्या रॉबर्ट गेअरला सुचली. त्याच्या कारखान्यात बियाण्याच्या कागदी पिशव्या छापताना धातूची एक पट्टी सरकली, तिनं पिशव्या कापल्या आणि त्यातून ही कल्पना निघाली, असं सांगितलं जातं. शेतीशी या खोक्याचं नातं असं जन्मापासूनचं आहे.

खोक्याची कामं तीन. माल सांभाळणं, माल दाखवणं आणि माल योग्य तऱ्हेनं वापरणाऱ्याच्या हाती देणं. पहिलं काम आपलं खोकं चोख करतं. दुसरं तर त्याहून चोख. दर्शनी बाजूला टपोरी बोंडं, हिरवीगार पानं, मोठ्या अक्षरात नाव. तिसऱ्या कामात मात्र ते नापास होतं, आणि हीच आमची मुख्य तक्रार आहे.

1971 च्या कीटकनाशक नियमांनी एक गोष्ट चांगली केली. लेबलवर कोपऱ्यावर उभा चौकोन सक्तीचा केला आणि त्यानं लेबलच्या दर्शनी भागाचा किमान सोळावा हिस्सा व्यापला पाहिजे असं ठरवलं. लाल म्हणजे अतिशय विषारी, पिवळा त्याखालोखाल, निळा मध्यम, हिरवा सौम्य. अक्षर न येणाऱ्यालाही कळावं, हा हेतू स्तुत्य आहे. पण हे रंग शिकवले कुणी? शेतात हिरवा रंग म्हणजे जोम. हिरवा चौकोन पाहून ‘हे पिकाला चांगलं’ असं कुणी वाचलं, तर तो दोष वाचकाचा म्हणता येणार नाही. त्यात आपण सगळे या विषाला ‘औषध’च म्हणतो. एका शब्दात अर्धी सावधगिरी विरघळून जाते.

आता आतलं माहितीपत्रक घ्या. प्रादेशिक भाषेत माहिती देणं नियमानं आलं आहे, त्यामुळे मराठीही असते. पण अक्षर बारीक आणि कागद आठ घड्यांचा. त्यातला तक्ता सहसा हेक्टरी बोलतो. आपला शेतकरी एकरात बोलतो, मजूर पंपात बोलतो. उदाहरणापुरतं धरा की हेक्टरी 250 मिली, 500 लिटर पाण्यात. म्हणजे लिटरला अर्धा मिली, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला साडेसात मिली. हा हिशोब बांधावर, डोक्यावर ऊन असताना, ओल्या हातानं कोण करणार? मग माप ठरतं ‘एक टोपण’. इथल्या कृषी विद्यापीठाचे सल्ले ‘प्रति 10 लिटर पाणी’ असे येतात. ते शेतातल्या भाषेच्या जवळचे आहेत. खोक्याला तेवढंही का जमू नये?

न्यायदर्शनात वाक्यातून अर्थ कळण्यासाठी तीन अटी सांगितल्या आहेत : आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी. सन्निधी म्हणजे जवळीक. ‘गाय’ हा शब्द आत्ता उच्चारला आणि ‘आण’ हा एका प्रहरानं, तर वाक्य होत नाही. आमच्या मते खोक्याचं दुखणं नेमकं हेच आहे. ‘हातमोजे घाला, वाऱ्याच्या दिशेनं फवारा’ हे वाक्य दुकानात, मालकाच्या हातात उच्चारलं जातं. कृती दुसऱ्या दिवशी, मजुराच्या हातून घडते. तोवर खोकं फेकलेलं असतं. शब्द छापले गेले, वाक्य झालंच नाही.

2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली, शेकडो आजारी पडली. कारणं अनेक होती. संरक्षक साधनं नव्हती, कापूस डोक्याइतका वाढला होता, औषधं एकत्र मिसळली जात होती. सगळा दोष खोक्याच्या माथी मारणं अन्यायाचं ठरेल. पण कापूस आपल्याकडेही आहे, पंप तेच आहेत आणि खोकीही तीच.

कुणी म्हणेल, ‘सर, मजूर वाचतच नाही.’ आम्ही उलट विचारतो, त्याच्यासाठी लिहिलंय काय? किराणा दुकानाच्या गल्ल्यावर चॉकलेटचं खोकं पाहा. टिंबांच्या रेघेवर झाकण फाडून मागे उभं केलं की त्याचीच पाटी होते, आणि पुढून एकेक चॉकलेट निघतं. ती टिंबांची रेघ पाडणारी पट्टी त्याच डायमध्ये बसते, वेगळा दाब द्यावा लागत नाही. मग विषाच्या खोक्याची एक बाजू अशीच फाडून पंपाच्या पट्ट्याला अडकवता येईल अशी का करू नये? तिच्यावर चारच गोष्टी हव्यात : एका पंपाचं माप, तोंड-हात झाकलेल्या माणसाचं चित्र, विषबाधेची लक्षणं आणि दवाखान्यात दाखवायला औषधाच्या घटकाचं नाव. मोठ्या मराठी अक्षरात.

चॉकलेट विकण्यासाठी आपण जेवढी बुद्धी खर्च करतो, तेवढी माणूस वाचवण्यासाठी केली तर हे जमतं. ज्या खोक्याची दर्शनी बाजू घेणाऱ्याशी बोलते आणि वापरणाऱ्याशी एकही बाजू बोलत नाही, ते कितीही देखणं असलं तरी आम्ही त्याला अपुरी रचनाच म्हणू.

इथं थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ. सभागृहात कुणी फवारणी करणारे असतील, तर पहिला प्रश्न त्यांचा.